शीळ घालणारी गोळी

फेर्लाखमध्ये बंदुका म्हाताऱ्या हातांनी घडतात
आणि माझ्या टेबलावर येऊन गप्प पडतात.
मी दाब मोजते, शिक्का मारते.
शुक्रवारी मात्र पत्रं.

लोकांना गोळ्या सुचतात.
कशा सुचतात विचारू नका, सुचतात.
ग्रात्सच्या एका पाववाल्याला बर्फाची,
पुरावा वितळून जाईल म्हणून
(ती नळीतच वितळते, साहेब,
पुराव्याआधी गोळीच जाते).
फिलाखच्या दोघा भावांना कोपऱ्यावर वळणारी;
आकृतीतला बाण इतका डौलात वळलेला
की क्षणभर माझाही विश्वास बसला.
एका बाईंनी चौकोनी पाठवली.
कारण लिहिलं नव्हतं.

पत्रकात तीन रकाने आहेत:
शक्य. अशक्य. आणखी चाचणी हवी.
"कशाला?" असा चौथा छापलेला नाही,
आणि छापला असता तरी
तो माझ्या पगारात बसला नसता.

मार्चमध्ये ओझबोल्ट कुंचिच यांचं पत्र आलं.
वरच्या त्सेल गावचे, निवृत्त घड्याळजी,
अक्षर भिंगाखाली लिहिल्यासारखं.
"चाळीस वर्षं शिकार केली.
परवा एक हरिणी चरता चरता पडली,
तोंडातलं गवत तोंडातच.
तिला कळलंच नाही.
लोक म्हणतात, चांगलं झालं.
मला ते बरं वाटलं नाही.
गोळीला दोन भोकं पाडली आहेत.
येताना ती शीळ घालेल.
जनावराला आधी ऐकू यायला हवं."

मी नेहमीचं उत्तर धाडलं:
गोळी आवाजाच्या पुढे धावते,
तुमची शीळ म्हणजे
बैल गेल्यावर केलेला झोपा.
'अशक्य' वर खूण. शिक्का.

आठ दिवसांनी कार्ड आलं. एकच ओळ.
"मग तिला हळू करा."

त्या रात्री जेवण करपू दिलं आणि गणित मांडलं.
चाळीस मीटर अंतर, तीनशेचा वेग:
शीळ गोळीच्या आधी पोचते,
पोचते खरी, सोळा सहस्रांश सेकंद आधी.
पापणी लवायला याच्या दसपट लागतं.
आणखी हळू. दोनशे. दीडशे.
शंभरवर आणलं तेव्हा
हरिणीच्या वाट्याला पाव सेकंदाहून थोडं जास्त आलं:
कान वळवण्यापुरतं,
एका उडीपुरतं.
पण शंभरच्या वेगानं जाते
ती गोळी कुठली?
ती हाक झाली.

नंतर पुडकं आलं. घड्याळ पुसायच्या फडक्यात
तीन पितळी गोळ्या, कानसेच्या खुणांसकट.
ग्राडिश्निकनं सकाळीच जिलेटिनचा ठोकळा लावला होता,
डुकराच्या कातडीचं, चार अंशांवर,
खरवसासारखं थरथरणारं.
त्याला ओरडता येत नाही,
म्हणूनच आम्ही त्याला विचारतो.

पहिली मुकी गेली.
दुसरी अर्ध्या वाटेत आडवी झाली,
ठोकळ्यावरून निघून वाळूच्या पोत्यात शिरली.
"ऐकलंस?" ग्राडिश्निक म्हणाला.
आम्ही दोघांनी कान झाकलेले होते.
कागदावर यंत्रानं तेवढी एक बारीक रेघ काढली होती,
धडकेच्या जरा अलीकडे,
उंच, जवळजवळ सुरात.

तिसरी भरलीच नाही.
नियमानं परत पाठवायला हवी होती.
ती कोटाच्या खिशात राहिली, बसच्या तिकिटांबरोबर,
आणि संध्याकाळी द्राऊच्या काठानं घरी जाताना
मी ती ओठांना लावली, फुंकली.

पुढचा सायकलवाला, मागे न बघताच,
उजवीकडे सरकला
आणि हात वर करून म्हणाला, आभारी आहे.
मागून कुणीच येत नव्हतं.
तरी त्यानं बराच वेळ
डावी बाजू मोकळी ठेवली.