डावी मांडी, वीस मिनिटं

कोपरखैरणे, माथाडी वसाहत, पिठाच्या गिरणीशेजारचा गाळा.
गिरणी सुरू झाली की माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरतो
आणि सर्जेराव सपकाळ विचारतात, "लावलं का मशीन?"
अजून नाही, काका.

गुडघ्याच्या ऑपरेशनला सात आठवडे.
डावी मांडी उजवीपेक्षा चार सेंटिमीटर बारीक.
मी टेप गुंडाळते, आकडा सांगत नाही.
तेहतीस वर्षं तुर्भ्याचं कांदा-बटाटा मार्केट,
ट्रकमधून गाळ्यात, गाळ्यातून ट्रकमध्ये,
मानेवरच्या गाठीला गोणीचं वजन
काट्याच्या आधी कळायचं.

दोन पॅड. बटण हळूहळू फिरवते.
आधी मुंग्या,
मग कातडीखाली काहीतरी आवळतं, सुटतं, आवळतं,
आणि ते स्वतःच्याच मांडीकडे बघत राहतात,
शेजारच्या बंद खोलीत
कुणी दिवा लावावा, तसे.

बाराव्या मिनिटाला ओढ ढिली पडते.
करंट तेवढाच.
"दमली की," ते म्हणतात. "म्या तर कायच केलं न्हाई."

मी सांगू लागते:
तुम्ही स्वतः उचलता ना, तेव्हा सगळे तंतू एकदम कामाला लागत नाहीत,
काही ओढतात, काही दम खातात, मग बदली.
मशीनला ते जमत नाही.
ती पॅडखालच्या त्याच त्याच तंतूंना उठवते,
सेकंदाला पन्नास वेळा,
सगळ्यांना एकाच ठोक्याला.

ते गप्प.
गिरणीत कुणाची तरी बाजरी पडते.

"म्हंजी ह्यो मुकादम नवा हाय.
टोळीत ईस माणसं,
अन् ह्यो म्होरल्या चौघांस्नीच हाक मारतुय.
मागलं बसल्यात बिड्या वढत."

साडेचार वर्षं कॉलेजात होते मी.

पॅड दोन बोटं वर सरकवते, ठोके कमी करते,
दहा सेकंद काम, पन्नास सेकंद सुट्टी.
सुट्टीत ते मांडीवर तळवा ठेवतात,
बैलाच्या नव्हे, माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

मशीन बंद. आता तुम्ही, काका. एकट्यानं.

चेहरा लाल होतो, बोटं चादर धरतात,
टाच उठते.
खालून एक वही सरकेल, एवढीच.
ओठ घट्ट, नजर छताला,
आणि खाली येता येता दबक्या आवाजात,
मला नव्हे, तिला:
"कोण उठला रं?"

रजिस्टरमध्ये मी लिहिते: एक इंच.
खाली रकाना आहे, शेरा.
तो कोरा ठेवते.