कोंबडा नसलेल्या गावात

चार दिवसांत आम्ही शेडमधले सगळे पक्षी मारले.
आधी मोजत होतो, नंतर मोजणं सोडलं.
खड्डा, त्यात पिसं, वर चुना,
चुन्यावर माती, मातीवर पुन्हा चुना.
मुकादम म्हणाला, हात धू. धुतले.
पाचव्या दिवशी अंग तापलं
आणि मला आणून टाकलं इथं,
नवापुरात, दवाखान्यामागच्या लांबट खोलीत,
पत्र्याच्या आडोशाला.

सिस्टर वसावे फॉर्म भरत होती,
फक्त डोळ्यांपुरती दिसणारी.
नाव? दिलवर.
वय? छत्तीस असेल.
धर्म?
म्हटलं, लिहा काहीही, सगळे लिहितात ते.
तिनं मान वर केली नाही.

आईनं दुसरं नाव ठेवलं होतं,
रंगावलीच्या गुडघाभर पाण्यात उभं राहून.
ते मी शाळेच्या दाखल्यावरच पुसलं.
लग्न ठरताना सासरच्यांनी विचारलं,
तुमची आई रविवारी कुठं जाते म्हणे?
म्हटलं, बाजाराला.
आमचा बाजार मंगळवारचा.
त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं.
बुंदी वाढली गेली.

इथंही ती रोज येऊन उभी राहायची,
कुंपणाबाहेर, चिंचेखाली, हातात पिशवी.
वॉचमननं खिडकीशी येऊन विचारलं,
ती म्हातारी तुझी का?
तोंडावर मास्क होता ते बरं झालं.
म्हणालो, ओळखत नाही.
का म्हणालो, आजही सांगता येत नाही.
तिच्या मंडळीतली माणसं पेटी घेऊन येतील,
बाकीचे पेशंट हसतील,
असलंच काहीतरी बारीक.

रात्री गाव इतकं गप्प
की स्टेशनावर कुणी खोकलं तर ऐकू यावं.
आमचं स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात.
मालगाडी थांबते तेव्हा इंजिन एका राज्यात
आणि गार्डचा डबा दुसऱ्या.
तसाच पडलो होतो.

तिची एक गोष्ट आठवत राहिली.
अंगणात शेकोटी, शेकोटीशी एक कोळी,
कुणीतरी विचारतं, तू त्याच्यातलाच ना?
तो म्हणतो, नाही. पुन्हा नाही.
मग कोंबडा आरवतो आणि कोळी रडतो.
माझ्या गोष्टीतला कोंबडा
मीच पुरून आलो होतो, चुना टाकून.
आता माणूस जन्मभर नाही म्हणत राहील
आणि त्याला कुणी सांगणार नाही की उजाडलं.

सातव्या पहाटे पत्र्यापलीकडून
गुलाब ड्रायव्हर, सुरतेला अंडी नेणारा,
पडून पडून कंटाळलेला,
छाती भरून ओरडला,
कुकूऽऽच कू!

सगळी खोली हसली. सिस्टर रागावली.
मी उशीत तोंड खुपसलं.
खांदे हलत होते,
मीही हसतोय असंच वाटलं असेल त्यांना.

प्रार्थना केली असं म्हणणार नाही.
येत नाही मला. शब्द तिचे, तेही अर्धे.
एवढंच, की खोलीत कुणीतरी होतं,
सलाइनच्या स्टँडपाशी, न बोलता,
माझ्या हातांच्या वासाला न किळसता,
आधीपासून ओळख असल्यासारखं.
मग झोप लागली,
रात्रपाळीनंतर लागते तशी, काळीभोर.

उठलो तेव्हा ऊन चिंचेच्या शेंड्यावर.
वॉचमनच्या तीन दगडांपाशी
आई उकिडवी बसलेली,
निखाऱ्यावर उकईच्या पाण्यातला मासा,
फडक्यात नागलीची भाकर.
इम्मा, जेवला का?
मी मान हलवली. तिला लांबचं दिसत नाही.
इम्मा, जेवला का रे?
तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा रागच आला जरा,
मग नाही आला.
खिडकीचे गज धरून ओरडलो, आई,
वॉचमन ऐकत होता, गुलाब ऐकत होता,
नाही जेवलो. आण.

सिस्टरला म्हटलं, तो फॉर्म काढा.
खोडता येत नाही, ती म्हणाली,
बाजूला लिहिते. सांगा.
इम्मानुएल.
अर्धा म, मग पूर्ण मा, मी सांगू लागलो,
तोवर ती लिहून मोकळी झाली होती.