काटा स्थिर होईपर्यंत

फॉर्मची शेवटची वेळ आज रात्री बारा.
अमळनेरच्या भिंती दहा वाजताही तापलेल्या,
कूलरमध्ये पाणी टाकायची पाळी माझी,
आणि मोबाइलवर चौकोनांची रांग उघडी:
अर्थशास्त्र. त्याखाली जरा आत सरकवून,
बारीक अक्षरात,
गणितासह.

हे 'सह' मला चार रात्री झोपू देत नाही.

नुसतं अर्थशास्त्र सगळ्यांना कळतं.
मागणीचा नियम सांगा, अपवाद लिहा, सहा गुण.
गणितासह म्हटलं की आत्या विचारते,
"म्हणजे शेवटी मास्तरीणच ना?"
आणि नाना विचारतात, "कितला भेटतीन?"

नाना बाजार समितीत मापाडी.
एकतीस वर्षं त्यांचा प्रश्न हाच,
आधी पोतं ठेवायचं, मग काटा बघायचा.
काटा आता नाही, लाल आकडे आहेत,
तरी ते काटाच म्हणतात.
पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.
लाभ, दोन, तीन.

मी सांगते, बँक असते. विमा असतो.
पुण्यात एक कंपनी आहे, ती दुसऱ्या कंपन्यांना गुण देते.
पारोळ्याची दीपश्री बडगुजर तिथे आहे,
पहिल्या पगारात तिने आईला फ्रिज घेतला.
हे मी सांगते.
तिच्याच बाकावरचा भाग्येश
गावच्या पतसंस्थेत ठेवपावत्यांवर शिक्के मारतो,
हे सांगत नाही.
दोघांत एका गुणाचा फरक होता, तोही त्याचा जास्त.
एका समीकरणाला दोन उत्तरं असू शकतात
हे मला नववीपासून माहीत आहे.
दोन्ही उत्तरं बरोबर असतात
याची भीती मात्र आत्ता वाटते.

आईने एकदा विचारलं, क्लासमध्ये काय चाललंय?
लिमिट, म्हणजे मर्यादा, मी म्हटलं.
"बरं झालं," आई म्हणाली, "शिकवायलाच हवी."
मी पुढे बोलले नाही
की ही मर्यादा अशी असते,
जिच्या कितीही जवळ जाता येतं
आणि जिथे पोचलंच पाहिजे असं नसतं.

खरं कारण कुणाला सांगितलेलं नाही.
मी नऊ वर्षांची, सुट्टीत नानांबरोबर यार्डात.
दादरचा लिलाव. भाव आधी वीस-वीसने चढला,
मग पाचाने, मग दोनाने,
मग एक माणूस रुमालाने मान पुसत उभा राहिला
आणि कुणीच काही बोललं नाही.
त्या गप्प होण्याला नाव असतं हे अकरावीत कळलं.
सरांनी फळ्यावर लिहिलं, डेरिव्हेटिव्ह शून्य,
आणि मला रुमाल दिसला.

त्याच दिवशी मी विचारलं होतं,
पोत्यामागे पाव किलो कडता का कापतात?
"रीत शे," नाना म्हणाले.
मी काटापट्टीच्या पाठीमागे गुणाकार करत बसले,
एक दिवस, एक महिना, एक वर्ष.
कागद संपला.
रीत किती किलोंची असते
ते मोजायचं राहून गेलं.

नाना म्हणतात, आकडा हालत असताना लिहायचं नाही.
पण नाना, या काट्यावर मीच उभी आहे,
श्वास घेतेय तोवर हालणारच.

अकरा चाळीस.
कूलर भरला. चौकोनात टिक केली, दाबलं.
मग कळलं, ओटीपी नानांच्या फोनवर जातो
आणि नाना झोपलेत.

उठवलं. चष्मा सापडेना.
फोन हातभर लांब धरून,
काही न विचारता,
यार्डातल्या आवाजात
त्यांनी एकेक आकडा मोठ्याने पुकारला,
मी पुढचा मागेपर्यंत थांबत:

लाभ.
आठ.
शून्य.
तीन.