मिठाची सुनावणी

अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात
तिसऱ्या मजल्यावर माझी सुनावणी होती.
मला ऐकू येत नाही.
आठ महिने रोज एक सुई घेतली, शिवडीला.
कानामायसिन. नावातच कान होता,
तेव्हा सुचलं नाही.
आधी कुकरची शिट्टी गेली, मग दाराची बेल,
मग आई हाक मारायची सोडून
खांद्याला हात लावू लागली.

शेजारच्या खाटेवर गोवंडीची निलोफर, वय एकोणीस.
तिला सुईही लागू पडेना. नवी गोळी हवी होती.
गोळी होती. जगात होती.
डॉक्टर अंगचेकरांनी अर्ज केला,
मग स्मरणपत्र, मग पुन्हा अर्ज.
निलोफर रोज सकाळी कागदावर लिहायची: आली?
गोळी आली त्या दिवशी
बावीस नंबरच्या खाटेवर धुतलेली चादर होती.

कंपनीचा पहिला हक्क संपत आला,
तर त्यांनी दुसरा मागितला,
त्याच गोळीच्या सॉल्टवर.
डिमेलो वकिलांनी वहीत लिहून समजावलं:
औषध तेच, फक्त मिठात बांधलेलं.
म्हणजे आणखी काही वर्षं दुसऱ्या कुणी बनवायचं नाही.
मी लिहिलं, मीठ म्हणजे आपलं मीठ?
त्यांनी बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं.
मग लिहिलं, तसं नाही. पण हो.

माझा आजा हिराजी वैती भांडुपच्या आगरात राबला.
खाडीचं पाणी कोंडीत घ्यायचं, उन्हाला द्यायचं,
फळीनं ओढायचं.
तळपायाच्या भेगांत पांढरं बसलेलं, घासूनही न जाणारं.
आगर शिलोत्र्याचं, खाडी सरकारची,
ऊन कुणाचं ते कुणी विचारलं नव्हतं.
मीठ मी शोधलं, असं तो दारू पिऊनही म्हणाला नाही.

कंपनीच्या वकीलबाई इंग्रजीत बोलत होत्या.
इंग्रजी ओठ मला वाचता येत नाहीत.
डिमेलोंची वही सरकत राहिली:
म्हणतात, हे मीठ दमट हवेत टिकतं.
(दमट हवेत काय टिकतं ते मला विचारा.)
म्हणतात, बऱ्याच देशांनी मान्य केलंय.
म्हणतात, जिनिव्हा, करार, आपली सही आहे.
आपण म्हणतो, कलम तीन-ड:
ठाऊक असलेल्या औषधाचं नवं मीठ,
गुण वाढत नसेल तर शोध नव्हे.
मग वहीत एवढंच: तुम्ही बोला. दोन मिनिटं.

पर्समध्ये पुडी होती, खडेमीठ.
टेबलावर ओतायचं ठरवून गेले होते,
सकाळी आरशासमोर दोनदा करूनही पाहिलं.
पण अधिकारी तरुण होता, खिशाला शाईचा डाग,
आणि माझ्या तोंडाकडे इतकं नीट बघत होता
की मला नाटक करवेना.

माझा आवाज आता मला माहीत नाही.
चढतो की फाटतो, घरचे सांगत नाहीत.
म्हटलं, मी कुंदा वैती, माझा विरोध आहे.
निलोफरचं नाव सांगितलं, वय, खाटेचा नंबर.
पुढे मिठाची गुळणी धरल्यासारखी उभी राहिले,
एक मिनिट उरलेलं असताना.

आदेश अकरा महिन्यांनी आला.
पोस्टमन शिंगटे बेल वाजवत नाहीत,
खिडकीच्या गजांतून पाकीट हलवतात.
सत्तेचाळीस पानं. शेवटी: अर्ज नामंजूर.
आता बाकीचेही ती गोळी बनवतील.
आईनं पाकीट देव्हाऱ्यात ठेवलं,
मी ते काढून कपाटात ठेवलं, रेशनकार्डाखाली.

निलोफरच्या अम्मीला कळवायला हवं.
फोन मला ऐकू येत नाही, मेसेज तिला वाचता येत नाही.
जावंच लागेल, देवनार डेपोपर्यंत बसनं, पुढे चालत.
पेटंट कसं सांगायचं हातवाऱ्यांनी?
ती आधी चहा ठेवील.
मागच्या वेळी तिनं साखर म्हणून मीठ घातलं होतं,
आणि माझ्याकडे बघत बसली होती.
मी सगळा प्यायले.