कोयता

केळी आजारी पडल्या तेव्हा
आम्ही आधी मधमाश्यांवर आळ घेतला.
मग वाऱ्यावर. मग बामुतुराकीच्या शेळ्यांवर.
कोयत्याचं नाव कुणी काढलं नाही,
कारण कोयता माझा होता,
आणि द्यायला मी कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

बुशेन्यीच्या या उतारावर
कोयता मागायला येणं म्हणजे
बसायला येणं.
पोराचा खोकला, बाजाराचा भाव,
मग जाताना आठवल्यासारखं: देतेस का जरा?
सात बागा फिरून तो घरी यायचा
पात्यावर सुकलेला चीक घेऊन.

लग्नात आम्ही मुनवे देतो.
नणंदेला मी चार दिले, स्वतः निवडून,
तलवारीसारख्या पानांचे, ठसठशीत.
कंदात काय झोपलं होतं
तिला दिसलं नाही.
मलाही.

तिचे घड अवेळी पिकले, तेही अर्धेच.
चिरले तर आत गंज.
खोड कापलं तिथे पिवळा थेंब जमला,
सावकाश,
त्याला कसलीच घाई नव्हती.

आटुहाइरे आली, खात्याची मुलगी, चिखलाचे बूट
दाराबाहेर धुऊन.
म्हणाली, केळफूल कापू नका, बेचक्याच्या काठीनं मोडा.
तांबडी पाकळी गळते तिथे ओली जखम राहते,
माशी तिथेच बसते.
आणि पातं विस्तवात धरा,
हात मागे घ्यावासा वाटेपर्यंत.

चुलीमागे एक जुनी नाकिटेंबे आहे.
सासू तिला गबाळी म्हणायची:
वाळल्या पाकळ्या टाकत नाही,
चिंध्या पांघरून उभी.
आजूबाजूच्या टापटीप केळी गेल्या.
ही आहे.
औषध नाही हिच्यापाशी,
फक्त दार लोटलेलं.
कोयत्यापुढे मात्र हीही हरेल.
तिचं तिनं केलं, पुढचं माझ्याकडे.

आज बामुतुराकी आला.
खोकला, भाव, मग कोयता.
मी नाही म्हटलं नाही.
त्याच्यासमोरच निखाऱ्यात खुपसला.
तो दगडावर बसला. धूर डोळ्यांत.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
नणंद बोलते का तुझ्याशी?

पातं लाल व्हायला लागलं होतं.

अजून नाही, मी म्हटलं,
आणि दुसरी बाजू विस्तवाकडे केली.