खतकस

चोपड्याच्या बोहऱ्याकडे काचेखाली तीन होते.
एक पितळी, टोकाला चाक.
एक स्वस्त, प्लास्टिकच्या मळसूत्राचा.
एक दोन काट्यांचा, कूस-साल आखायला,
त्याचा दुसरा काटा सरकताना अडखळायचा.

सुभान तडवी, दिवाळीनंतर कामाला लागलेला पोरगा,
पितळेवरचं बोट काढेना.
म्हटलं, आधी ठोकळा धर.
काउंटरच्या कडेला टेकव. डुगडुगतो?
मग कितीही चमकू दे, ठेव परत.

नाही डुगडुगला.

चाक कापतं, काटा ओरबाडतो, हे खरं.
आणि उभ्या रेषांत काटा
ओळखीच्या बांधाकडे वळणाऱ्या बैलासारखा
लाकडाच्या मनाने जातो.
म्हणून पहिली रेघ हलकी,
लाकडाच्या नुसती कानावर घालायची.
दुसरी खरी.
पेन्सिलीची रेघ दिसते. ही लागते.
लाइट गेली तरी पटाशीची धार
तिच्यात जाऊन बसते.

बोहरी म्हणाला, मिस्त्री, एकच घ्या की, सगळ्याला चालतो.
चालतो ना.
पण सकाळचं माप दुपारी दुसऱ्या कामाला सैल केलं
की संध्याकाळी तेच परत सापडत नाही.
केसभर हुकतं.
केसभर हुकलेला सांधा
वैशाखात लाकूड आटलं की रात्री बोलतो.

पितळी घेतला. दोन काट्यांचाही,
अडखळण्याबद्दल वीस रुपये कमी करून.

घरी खुंटीवर माझे चार.
पाचवा सुपडू मिस्त्रींचा, अंजनाचा, पाचरीचा,
एकोणीस वर्षं एकाच मापावर.
अडावदच्या लोटन बाविस्करने
दोन झडपांचं दार सांगितलं होतं.
एक झडप नेली,
दुसरीचे पैसे सुरतेहून धाडतो म्हणाला.
उरलेल्या अर्ध्या चौकटीला बारदान.
मिस्त्री शेवटपर्यंत म्हणायचे,
"माप शे ना, मंग दार बी शे."
ते गेल्यावर मीही पाचरीला हात लावला नाही.

सुभान म्हणाला, त्या घराला आता शटर आहे.
मोबाइलचं दुकान.
मी रिचार्ज तिथेच मारतो.

मी बराच वेळ रंध्याचं पातं पुसत बसलो.
मग अंजनाचा खतकस उतरवला,
पडवीच्या खांबावर कडेने एक रेघ ओढली,
पहिली हलकी, दुसरी खरी,
आणि सुभानच्या हातात दिला.
ठोक.

पाचर निघेना. एकोणीस उन्हाळे.
उलट्या बाजूने मारतोयस, म्हटलं.
मग निघाली, कट्‌ करून, सुपारी फुटावी तशी.

ठोकळा सरकला.
त्याच्याखाली दांडी फिकी होती,
बोटभर रुंद, कालच रंधल्यासारखी,
बाकी सगळी मिस्त्रींच्या घामाने काळी.
सुभानने तिथे नख टेकवून पाहिलं.
मग विचारलं,
आपलं माप किती?