काटा

तीस वर्षं मी चर्चच्या कॉयरचे आवाज धरतोय,
फ्रान्सिसटाउनला, टायरच्या दुकानामागच्या खोलीत.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला घोंगडी,
आणि नियम एकच: काटा लालमध्ये जायचा नाही.

मग ही चौघं आली.
ऑक्टोबरचं ऊन, आणि अंगभर काळं कातडं,
घरच्याच गुरांचं,
ड्रमवाल्या ओलेबिलेच्या आईनं शिवलेलं.
पहिला अल्बम, म्हणाले. दोन दिवस हवेत.
अर्धे पैसे रोख, उरलेल्यांच्या बदली एक बोकड.
बोकड खरंच आणला होता.

ओलेबिलेनं हात चालवला
तशी पत्र्यावरची कबुतरं जी उडाली
ती बुधवारपर्यंत फिरकली नाहीत.
ओन्केमेत्से तोंड उघडते तर नुसती गुरगुर.
वाटलं, पोरीचा घसा बसलाय;
आलं ठेचून चहा केला.
तिनं निमूट प्यायला, कप विसळून पालथा घातला,
आणि परत तेच,
विहिरीत पडलेला बैल हंबरावा तसं.

एक शब्द कळेल तर शपथ.
चौथ्या गाण्याला विचारलंच: हे काय आहे, बाई?
म्हणाली, फिक्वेच्या खाणीचा भोंगा.
पहाटे पाचचा, दुपारी एकचा, रात्री नऊचा.
खाण बंद झाली त्यानंतर कितीतरी दिवस
बाबा पाचला उठून बसायचे,
बूट चढवून, दाराशी,
कान देऊन.
"त्याचा आवाज कुणीच धरून ठेवला नाही.
आठवून आठवून काढतेय."

मी माइक वीतभर मागे घेतला.
मग होता तिथेच आणून ठेवला.
बाहेर जनरेटर खोकत होता,
बोकड दाराला शिंगं घासत होता.
म्हटलं, असू दे.
बटणावरचं बोट उचललं.
काटा लालमध्ये गेला आणि तिथेच राहिला, थरथरत,
पाळीला उशीर झालेल्या माणसासारखा.

न्यायला तिचे बाबा आले होते, जुनी पिकअप घेऊन.
चौथं गाणं लावलं
तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं.

छत्तीस मिनिटांचा अल्बम. खरं सांगू? मला नाही आवडला.
बोकड मात्र कापवला नाही.
दोन मिनिटं अकरा सेकंदांवर तो ऐकू येतो,
आणि पोरं येऊन विचारतात,
रा, हे वाद्य कुठलं?